लाइव्ह मायग्रेशनमध्ये हार्डवेअर कॉम्प्रेशन: आधी हिशेब, मग आज्ञा

६४ जीबी मेमरीची एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालू स्थितीतच दुसऱ्या होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर, हलवायची आहे. दोन होस्टच्या मध्ये १० गिगाबिटची जोडणी आहे आणि व्हीएमच्या आतला डेटाबेस सेकंदाला साधारण १ जीबी मेमरी बदलतो आहे. मायग्रेशन सुरू होतं, भराभर पुढे जातं आणि शेवटाजवळ येऊन घुटमळत बसतं. इथे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘कॉम्प्रेशन लावा’, म्हणजे मेमरी दाबून लहान करून पाठवा. ते लावलं की होस्टचे कोर शंभर टक्क्यांवर जातात आणि शेजारच्या व्हीएमचे मालक फोन करू लागतात. जे काम सीपीयूवर टाकल्याने हा गोंधळ होतो तेच काम प्रोसेसरमधल्याच वेगळ्या कॉम्प्रेशन इंजिनाकडे कसं सोपवायचं, आणि ते कधी सोपवू नये, हे इथे पाहू.

सगळी मांडणी लिनक्सवर व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयू आणि केव्हीएम या सॉफ्टवेअर जोडीची आहे. हार्डवेअर मुख्यतः इंटेलचं धरलं आहे, म्हणजे चौथ्या पिढीचे झिऑन स्केलेबल (सॅफायर रॅपिड्स, जानेवारी २०२३) किंवा त्यानंतरचे. आज्ञा आणि पर्यायांची नावं देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी हिशेब

प्री-कॉपी या नेहमीच्या पद्धतीत पहिल्या फेरीत सगळी मेमरी पाठवली जाते. ती जाईपर्यंत गेस्टने, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टिमने, जी पेजेस (मेमरीचे छोटे तुकडे) बदलली ती दुसऱ्या फेरीत, त्या काळात बदललेली तिसऱ्या फेरीत, असं चालतं. उरलेली पेजेस इतकी कमी झाली की ठरलेल्या डाउनटाइममध्ये बसतील, तेव्हा गेस्ट थांबवून शेवटची फेरी पाठवतात. क्यूईएमयूमध्ये ही डाउनटाइमची मर्यादा मुळात ३०० मिलिसेकंद असते. २००५ साली केंब्रिजच्या झेन गटाने हीच पद्धत वापरून क्वेक ३ चा चालू गेम-सर्व्हर ६० मिलिसेकंदांच्या खंडाने हलवून दाखवला होता. तत्त्व आजही तेच आहे, फक्त मेमरी शेकडो पटींनी वाढली आहे.

वरच्या उदाहरणात आकडे घालू. ६४ जीबी म्हणजे दशमान पद्धतीने सुमारे ६८.७ अब्ज बाइट. १० गिगाबिट जोडणीवरून सेकंदाला जास्तीत जास्त १.२५ अब्ज बाइट जातात, म्हणून पहिली फेरीच ५५ सेकंद घेते. बदलाचा वेग १ अब्ज धरला, तर प्रत्येक फेरीत मागच्या फेरीच्या ८० टक्के माल पुन्हा पाठवावा लागतो. ३०० मिलिसेकंदांत मावण्याइतकं ओझं उरायला अशा सुमारे २४ फेऱ्या आणि साडेचार मिनिटं लागतात. आता कॉम्प्रेशनने माल निम्मा झाला असं समजा. तार तीच असली तरी सेकंदाला अडीच अब्ज बाइटची मेमरी पोचते आणि प्रत्येक फेरीचं ओझं मागच्या फेरीच्या ४० टक्क्यांवर येतं. फेऱ्या ६ होतात आणि वेळ पाऊण मिनिटावर येतो.

दाब दुप्पट मिळाला, वेळ मात्र सहापट वाचला. पाठवण्याचा वेग बदलाच्या वेगाच्या जेमतेम वर असेल तिथे थोडं कॉम्प्रेशनही खूप देऊन जातं. उलट, नुसतीच बसून असलेली व्हीएम असेल, तर फायदा कॉम्प्रेशनच्या गुणोत्तराइतकाच, त्याहून जास्त नाही. (प्रत्यक्षात गेस्ट बऱ्याचदा तीच ती पेजेस पुन्हा पुन्हा लिहितो, म्हणून हा हिशेब जरा निराशावादी आहे. निर्णय घ्यायला तो पुरतो.)

दुसरा हिशेब सीपीयूचा. झेडस्टँडर्ड या कॉम्प्रेशन पद्धतीच्या निर्मात्यांनी प्रसिद्ध केलेल्या, सायलीशिया या नमुना फाइलींच्या संचावरच्या चाचण्यांत पहिल्या पातळीला एक कोर झेडस्टँडर्डने सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास दाबतो, तर झेडलिब या जुन्या पद्धतीने साधारण १०० एमबी. अडीच जीबीचा प्रवाह दाबायचा तर झेडलिबला २४-२५ कोर लागतील, झेडस्टँडर्डला ५. जोडणी २५ गिगाबिटची असेल तर हेच आकडे ६० आणि १२ होतात. व्हीएम विकून पैसे मिळवणाऱ्या होस्टवर १२ कोर मोकळे सापडणं कठीण, ६० तर विसराच. अ‍ॅक्सिलरेटर (म्हणजे वेगळं कॉम्प्रेशन इंजिन) हवा तो या कारणासाठी. तो दाब जास्त देतो असं नाही. झेडस्टँडर्डच्या तुलनेत थोडा कमीच देईल. पण तो कोर मोकळे ठेवतो.

पायरी १: बदलाचा वेग आणि दाबले जाण्याची क्षमता मोजा

क्यूईएमयू ५.२ पासून ‘कॅल्क-डर्टी-रेट’ ही आज्ञा आहे. मॉनिटरवर, म्हणजे क्यूईएमयूला आज्ञा देण्याच्या कन्सोलवर, तिला सेकंद द्या, मग ‘इन्फो डर्टी_रेट’ विचारा, म्हणजे सेकंदाला किती एमबी बदलतं ते कळतं. ती मुळात पेजचे नमुने घेऊन अंदाज बांधते, पण डर्टी-बिटमॅप आणि डर्टी-रिंग या पद्धतींनीही मोजता येतं. मोजमाप गर्दीच्या वेळेला घ्या. रात्री अडीचला घेतलेला आकडा दिवसाच्या मायग्रेशनला काही कामाचा नाही. मायग्रेशनही रात्रीच होणार असेल तर मात्र तोच खरा, फक्त त्या वेळी बॅकअप चालू नाही ना ते पाहा.

दाबले जाण्याची क्षमता मोजायची सोपी वाट म्हणजे लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ‘व्हर्श डंप’ला ‘मेमरी-ओन्ली’ पर्याय देऊन गेस्टची मेमरी फाइलमध्ये घ्यायची आणि झेडस्टँडर्डच्या पहिल्या पातळीने दाबून पाहायची. डंप चालू असताना गेस्ट थांबतो, म्हणून हे उत्पादनातल्या व्हीएमवर न करता तिच्यासारख्याच चाचणीच्या व्हीएमवर करा. शिवाय त्या फाइलमध्ये पासवर्ड, चाव्या, ग्राहकांची माहिती सगळं उघडं असतं, तेव्हा काम होताच ती पुसायची.

या आकड्यात एक फसगत दडलेली असते. बऱ्याच व्हीएममध्ये निम्मी मेमरी कधी वापरलीच गेलेली नसते, नुसती शून्यं. ती दाबली की गुणोत्तर जवळपास दुप्पट दिसतं आणि माणूस खूश होतो. पण शून्यांची पेजेस क्यूईएमयू आधीच ओळखतं आणि त्यांच्याऐवजी नुसती खूण पाठवतं. आवृत्ती ९.० पासून हे काम मल्टिएफडीच्या, म्हणजे अनेक जोडण्यांवरून एकाच वेळी पाठवण्याच्या सोयीच्या, धाग्यांतच होतं. कॉम्प्रेसरच्या वाट्याला येतात ती भरलेली पेजेस, म्हणून शून्यं वगळून उरलेल्याचं गुणोत्तर काढा. जावाचे हीप, मजकुराने भरलेले कॅशे, पेज-कॅशेतल्या लॉग फाइली चांगल्या दाबल्या जातात. व्हिडिओ, जेपेग, आधीच दाबलेले डेटाबेस ब्लॉक आणि अ‍ॅप्लिकेशनने स्वतः एन्क्रिप्ट केलेला माल दाबला जात नाही. तिथे हार्डवेअर कितीही भारी लावा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गुणोत्तर १.३ च्या खाली असेल तर इथेच थांबा आणि मोठी जोडणी, ऑटो-कन्व्हर्ज (गेस्टचा सीपीयू मंद करणं) किंवा पोस्ट-कॉपी (व्हीएम आधी हलवून मेमरी मागाहून आणणं) यांचा विचार करा.

पायरी २: कोणतं इंजिन?

क्यूईएमयूला आज तीन हार्डवेअर वाटा माहीत आहेत. इंटेलचं आयएए, म्हणजे इन-मेमरी अ‍ॅनालिटिक्स अ‍ॅक्सिलरेटर, आवृत्ती ९.१ पासून ‘क्यूपीएल’ या नावाने वापरता येतं. हुआवेच्या कुनपेंग प्रोसेसरमधलं झिप इंजिन त्याच आवृत्तीपासून ‘यूएडीके’ या नावाने. आणि इंटेलचं क्विकअसिस्ट, म्हणजे क्यूएटी, आवृत्ती ९.२ पासून ‘क्यूएटीझिप’ या नावाने. तिन्ही डिफ्लेट या कॉम्प्रेशन पद्धतीच्या घराण्यातले आहेत, तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. यूएडीकेचा प्रवाह झेडलिबलासुद्धा पूर्णपणे कळत नाही. म्हणून नियम साधा: सोर्सवर जे नाव, तेच डेस्टिनेशनवर.

क्यूएटी आणि आयएए यांतला खरा फरक मेमरी कशी पोचते यात आहे. आयएए शेअर्ड व्हर्च्युअल मेमरी वापरतं, म्हणजे क्यूईएमयूचा पत्ता ते थेट वाचतं आणि मधे नक्कल करावी लागत नाही. क्यूएटीझिपला पिन केलेली, म्हणजे जागेवरून न हलणारी, डीएमए मेमरी (उपकरण सीपीयूशिवाय वाचतं ती) लागते, म्हणून क्यूईएमयू आधी पेजेस एका सलग बफरमध्ये उतरवतं आणि मग सगळी एकदम दाबतं. मल्टिएफडीचं एक पाकीट ५१२ केबीचं, म्हणजे ४ केबीच्या १२८ पेजेसचं असतं. क्यूपीएल त्यातलं प्रत्येक पेज वेगळं दाबतं आणि आयएएची मागचं पाहण्याची खिडकीही ४ केबीचीच आहे. क्यूएटीझिपला पूर्ण पाकीट सलग मिळतं, त्यामुळे शेजारच्या पेजेसमधलं साम्य त्याच्या उपयोगी पडू शकतं. त्याची किंमत म्हणजे मेमरीतली एक जादा नक्कल.

कागदावर आयएए देखणं आहे. तरीही चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या झिऑनवर उत्पादनासाठी मी क्यूएटी निवडेन. मे २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-२१८२३ हा सुरक्षा दोष जाहीर झाला. आयएए आणि त्याचं भावंड डीएसए यांच्या हार्डवेअरमधल्या दोषामुळे अविश्वासू प्रोग्रामला ही उपकरणं थेट देणं धोक्याचं ठरलं. त्यानंतरचे लिनक्स कर्नल या उपकरणांची रांग सामान्य प्रक्रियेला उघडू देत नाहीत, त्यासाठी ‘कॅप_सिस_रॉआयओ’ हा अधिकार लागतो. गेस्टचा कोड ज्या क्यूईएमयू प्रक्रियेत चालतो तिला असा अधिकार देणं म्हणजे तिजोरीची किल्ली दाराला लटकवणं. प्रयोगशाळेत हवं तर करा.

एएमडीच्या एपिकमध्ये असं अंगभूत इंजिन नाही. तिथे क्यूएटीचं पीसीआय कार्ड लावता येतं, पण नुसत्या मायग्रेशनसाठी कार्ड घेण्याआधी जोडणी १० वरून २५ गिगाबिटवर न्यायला काय लागेल तेही विचारा. बऱ्याचदा तेच स्वस्त पडतं.

पायरी ३: हार्डवेअर खरंच आहे का?

झिऑनच्या चौथ्या पिढीत एका सॉकेटवर क्यूएटीची चारपर्यंत इंजिनं असू शकतात, आयएएचीही चारपर्यंत. ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचा. मॉडेलनुसार हा आकडा शून्यापर्यंत उतरतो, आणि काही मॉडेलमध्ये इंजिन सिलिकॉनमध्ये असूनही ‘इंटेल ऑन डिमांड’चा परवाना घेतल्याशिवाय जागं होत नाही. खरेदीच्या कागदावर भरवसा ठेवण्यापेक्षा ‘एलएसपीसीआय’ चालवा. क्यूएटीचा ओळखक्रमांक ८०८६:४९४०, आयएएचा ८०८६:०सीएफई. काहीच दिसलं नाही तर बायोसमध्ये इंजिन, व्हीटी-डी आणि एसआर-आयओव्ही चालू आहेत का ते पाहा, मगच विक्रेत्याला फोन करा.

दोन्ही होस्ट तपासा. दाबणं सोर्सवर होतं, उलगडणं डेस्टिनेशनवर. एकीकडे इंजिन आणि दुसरीकडे नुसता सीपीयू अशी जोडी चालू शकते, कारण क्यूपीएल आणि क्यूएटीझिप या दोन्हींना सॉफ्टवेअरची पर्यायी वाट आहे. पण मग उलगडण्याचं ओझं डेस्टिनेशनच्या कोरवर पडतं आणि तिकडे आधीपासून चालू असलेल्या व्हीएम त्याची किंमत मोजतात.

पायरी ४: क्यूएटी उभं करणं

सर्वांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून सावकाश घेऊ.

कर्नल कमांडलाइनला ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑन’ द्या. क्यूएटीचा ड्रायव्हर ‘क्यूएटी_४एक्सएक्सएक्स’ कर्नलमध्येच असतो, फर्मवेअरच्या दोन फाइली ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेजमधून येतात. फर्मवेअर सापडलं नाही तर ड्रायव्हर चढतो, पण उपकरण उभं राहत नाही. अशा वेळी ‘डीमेसेज’मध्ये कारण स्पष्ट लिहिलेलं असतं. मग ‘क्यूएटीलिब’, तिची सेवा आणि ‘क्यूएटीझिप’ ही पॅकेजेस बसवा. फेडोरा आणि रेड हॅट घराण्यात ती भांडारातच आहेत.

आता सेवेचा प्रकार. क्यूएटीचं एक उपकरण मुळात क्रिप्टोची (एन्क्रिप्शनची) कामं करतं किंवा कॉम्प्रेशनची. नव्या कर्नलमध्ये मुळात सम क्रमांकाची उपकरणं क्रिप्टोला आणि विषम कॉम्प्रेशनला लागतात. तुमच्या मॉडेलमध्ये एकच उपकरण असेल तर ते शून्य क्रमांकाचं, म्हणजे क्रिप्टोचं. कॉम्प्रेशनला उपकरणच सापडत नाही आणि क्यूएटीझिप गुपचूप सॉफ्टवेअरवर जातं. म्हणून ‘क्यूएटी’ सेवेच्या संरचना फाइलमध्ये ‘सर्व्हिसेसएनेबल्ड’ला ‘डीसी’ अशी किंमत द्या आणि सेवा पुन्हा सुरू करा. हाताने करायचं असेल तर सिसएफएस या कर्नलच्या फाइल-मांडणीत उपकरणाच्या ‘क्यूएटी’ फोल्डरात ‘स्टेट’ला ‘डाउन’, ‘सीएफजी_सर्व्हिसेस’ला ‘डीसी’, मग पुन्हा ‘अप’. उपकरण चालू असताना सेवा बदलता येत नाही.

क्यूएटीलिब मूळ उपकरण थेट वापरत नाही. एकेका उपकरणातून १६ व्हर्च्युअल फंक्शन निघतात आणि ती व्हीएफआयओ या कर्नलच्या सोयीमार्फत प्रक्रियेला मिळतात. त्यामुळे तीन गोष्टी लागतात: क्यूईएमयू ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं तो ‘क्यूएटी’ गटात हवा, व्हीएफआयओची उपकरणं त्याला उघडता यायला हवीत, आणि लॉक करता येणाऱ्या मेमरीची मर्यादा वाढवलेली हवी. ही शेवटची गोष्ट बहुतेकजण विसरतात, कारण रूट म्हणून चाचणी केली की सगळं चालतं. चाचणी त्या वापरकर्त्याच्याच नावाने करा: एखादी मोठी फाइल ‘क्यूझिप’ने दाबा आणि त्याच वेळी डीबगएफएसमधले ‘एफडब्ल्यू_काउंटर्स’ पाहा. आकडे वाढत असतील तर इंजिन काम करतं आहे. फाइल दाबली गेली पण आकडे हलले नाहीत, तर ते काम सीपीयूनेच केलेलं आहे. पुढेही हाच काउंटर तुमचा साक्षीदार, इतर कशावर विसंबू नका.

दोन सॉकेटच्या होस्टवर प्रत्येक सॉकेटला आपापली इंजिनं असतात. व्हीएम एका सॉकेटवर बांधलेली आणि इंजिन दुसऱ्यावरचं असेल, तर प्रत्येक बाइट सॉकेटमधला पूल ओलांडतो. इंजिन कोणत्या नोडवर आहे ते सिसएफएसमधल्या ‘नूमा_नोड’ फाइलीत कळतं.

आयएए करून पाहायचं असेल तर

कर्नलला ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑन,एसएम_ऑन’ असं स्केलेबल मोडसकट द्यावं लागतं, नाहीतर शेअर्ड मेमरी चालत नाही. ड्रायव्हरचं नाव ‘आयडीएक्सडी’, हत्यार ‘अ‍ॅक्सेल-कॉन्फिग’. उपकरणं ‘आयएएक्स’ या जुन्या नावाने दिसतात. त्यातली आठ इंजिनं एका गटात टाका, १२८ आकाराची एक ‘शेअर्ड’ प्रकारची, ‘यूजर’ वापराची रांग बनवा, आधी उपकरण आणि मग रांग चालू करा. याच क्रमाने, कारण उलट केलं तर रांग चालू होत नाही.

पत्ता थेट वाचण्याच्या सोयीला एक अडचण चिकटलेली आहे. डेस्टिनेशनवर व्हीएमची मेमरी अजून प्रत्यक्षात दिलेली नसेल, तर इंजिन तिथे लिहायला गेलं की पेज फॉल्ट येतो, आणि उपकरणाचा फॉल्ट सोडवणं सीपीयूच्या फॉल्टपेक्षा कितीतरी महाग असतं. यूएडीकेची शेअर्ड मेमरीही याच जातीची. म्हणून त्याच्या दस्तऐवजात डेस्टिनेशनची व्हीएम ‘मेम-प्रीअलॉक’ पर्यायाने सुरू करा असं स्पष्ट सांगितलं आहे. ह्यूज पेजेस वापरत असाल तर मेमरी आधीच राखलेली असते आणि हा त्रास बराच कमी होतो.

पायरी ५: क्यूईएमयू

वितरणाच्या पॅकेजमध्ये हे पर्याय असतीलच असं नाही. पटकन कळायचा मार्ग म्हणजे मॉनिटरवर ‘मायग्रेट_सेट_पॅरामीटर मल्टिएफडी-कॉम्प्रेशन क्यूएटीझिप’ टाकणं. किंमत अमान्य म्हणून तक्रार आली, तर क्यूईएमयू त्या सोयीशिवाय बांधलेलं आहे. स्वतः बांधताना ‘कॉन्फिगर’ला ‘एनेबल-क्यूएटीझिप’, ‘एनेबल-क्यूपीएल’ किंवा ‘एनेबल-यूएडीके’ द्या. क्यूपीएलसाठी त्याच नावाच्या लायब्ररीची १.५.० किंवा नंतरची आवृत्ती लागते.

जाता जाता: इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ‘कॉम्प्रेस’ ही क्षमता आणि ‘कॉम्प्रेस-थ्रेड्स’ हा पर्याय अजून भेटतो. तो आवृत्ती ९.१ मध्ये काढूनच टाकला. एक्सबीझेडआरएलई (पेजचा फक्त बदललेला भाग पाठवणं) आहे, पण ते मल्टिएफडीबरोबर चालत नाही. झिरो-कॉपी, म्हणजे मधे नक्कल न करता, पाठवणंही कॉम्प्रेशनबरोबर जमत नाही, कारण दाबलेला माल ही मुळात नवी नक्कलच असते.

पायरी ६: प्रत्यक्ष मायग्रेशन

डेस्टिनेशनवर व्हीएम ‘इनकमिंग डिफर’ने सुरू करा, म्हणजे जोडणी उघडण्याआधी पर्याय लावायला वेळ मिळतो. मग दोन्ही बाजूंच्या मॉनिटरवर एकसारखं: ‘मल्टिएफडी’ क्षमता चालू, ‘मल्टिएफडी-चॅनल्स’ची संख्या समान, ‘मल्टिएफडी-कॉम्प्रेशन’ला ‘क्यूएटीझिप’. पातळीचा पर्याय ‘मल्टिएफडी-क्यूएटीझिप-लेव्हल’ १ ते ९ चालतो. मुळात तो १ असतो, तो तसाच राहू द्या. इथे आपल्याला वेग हवा आहे, वरच्या पातळ्यांवर थोड्याशा दाबासाठी तोच जातो. डेस्टिनेशनवर ‘मायग्रेट_इनकमिंग’ आणि सोर्सवर ‘मायग्रेट’ हे शेवटी.

चॅनल मुळात दोनच असतात. चारपासून सुरू करा, आठ करून पाहा. चॅनल म्हणजे एक धागा आणि अ‍ॅक्सिलरेटरशी एक सत्र, इंजिन रिकामं बसू नये एवढेच हवेत. आकडा वाढवूनही वेग वाढेनासा झाला की मागे या. जास्त चॅनल म्हणजे बफरांसाठी जास्त पिन केलेली मेमरी आणि नक्कल करणारे जास्त धागे.

‘मॅक्स-बँडविड्थ’ तपासायला विसरू नका. क्यूईएमयूची मुळातली मर्यादा सेकंदाला १२८ एमबी, म्हणजे जेमतेम १ गिगाबिटची आहे. ही मर्यादा दाबल्यानंतरच्या, तारेवरच्या बाइटना लागते. अ‍ॅक्सिलरेटर लावूनही ‘काही फरकच नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हा पर्याय बघावा.

दोन्हीकडची पद्धत वेगळी लावली गेली, तर डेस्टिनेशन पहिल्याच पाकिटावर अपेक्षित आणि आलेले फ्लॅग जुळत नसल्याची चूक देऊन थांबतं. घाबरायचं कारण नाही, प्री-कॉपीत गेस्ट अजून सोर्सवरच चालू असतो. दुरुस्त करून पुन्हा सुरू करा.

पायरी ७: आकडे वाचणं

सोर्सवर ‘इन्फो मायग्रेट’ दर काही सेकंदांनी पाहा. ‘नॉर्मल बाइट्स’ म्हणजे शून्यं वगळून पाठवलेली खरी मेमरी, ‘मल्टिएफडी बाइट्स’ म्हणजे मल्टिएफडीच्या चॅनलमधून तारेवर गेलेला माल. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की खरं गुणोत्तर मिळतं. ते पायरी १ मधल्या आकड्याच्या आसपास यायला हवं. ‘डर्टी सिंक काउंट’ म्हणजे फेऱ्या. सोबत तीन गोष्टी बघा: जोडणीचा वापर, क्यूईएमयूच्या मल्टिएफडी धाग्यांचा सीपीयू आणि फर्मवेअरचे काउंटर.

तार भरलेली, धागे निवांत, काउंटर वाढताहेत: इंजिन आपलं काम करतं आहे, आता अडथळा फक्त जोडणीचा. तार रिकामी आणि धागे शंभर टक्क्यांवर असतील, तर काउंटरकडे पाहा. ते थांबलेले असतील तर काम सॉफ्टवेअरच्या वाटेने चाललं आहे. ते पळत असतील तर नक्कल करण्यात वेळ जातो आहे आणि चॅनल वाढवून उपयोग होईल. तारही रिकामी, धागेही निवांत, अशी तिसरी स्थिती आली तर इंजिनच तुंबलं आहे, किंवा डेस्टिनेशनला उलगडणं झेपत नाही. अशा वेळी डेस्टिनेशनवर जाऊन बघा. तिकडे बघायचं सुचायला बऱ्याचदा उशीर होतो.

चाचणीसाठी ‘स्ट्रेस-एनजी’ने मेमरी ढवळण्याचा मोह होईल. त्याने भरलेली पेजेस एक तर फारच नियमित असतात किंवा पूर्ण यादृच्छिक, आणि दोन्ही टोकं खोटं बोलतात. तुमच्याच प्रकारच्या डेटाने भरलेला डेटाबेस किंवा कॅशे चालवून पाहा.

शेवटच्या फेरीची गंमत

गुणोत्तर छान, तार भरलेली, तरी मायग्रेशन शेवटच्या फेरीकडे वळायला वेळ लावतं, असं दिसू शकतं. कारण हिशेबाच्या एककात आहे. क्यूईएमयू वेग मोजतं तो तारेवरच्या, म्हणजे दाबलेल्या बाइटचा. उरलेलं ओझं मोजतं ते न दाबलेल्या पेजेसचं. दाब दुप्पट असेल तर शेवटची फेरी प्रत्यक्षात ३०० मिलिसेकंदांत बसणार असते, पण क्यूईएमयूला ती ६०० मिलिसेकंदांची वाटते आणि ते आणखी फेऱ्या मारत राहतं. वरच्या उदाहरणात मी ६ फेऱ्या धरल्या त्या याच संकोचासकट.

आवृत्ती ८.२ पासून यावर नेमका पर्याय आहे: ‘अव्हेल-स्विचओव्हर-बँडविड्थ’. तारेचा वेग गुणिले गुणोत्तर एवढी किंमत तिथे द्या. मात्र मोजलेल्या गुणोत्तरापेक्षा थोडं कमीच धरा. शेवटच्या फेरीत उरतात ती सर्वांत जास्त लिहिली जाणारी पेजेस, आणि ती सरासरीइतकी दाबली जातीलच असं नाही. आकडा फुगवून दिलात तर डाउनटाइम खरोखरच वाढेल, आणि तो गेस्टमधल्या क्लस्टर सॉफ्टवेअरला जाणवेल.

लिबव्हर्टच्या आडून

बहुतेकांचं क्यूईएमयू लिबव्हर्टच्या ताब्यात असतं. ‘व्हर्श मायग्रेट’ला ‘पॅरलल’ आणि ‘कॉम्प-मेथड्स’ हे पर्याय आहेत. झेडलिब आणि झेडस्टँडर्ड तिथून लागतात. हार्डवेअरच्या पद्धती तुमच्या आवृत्तीच्या यादीत नसतील, तर लिबव्हर्टच्या पाठीमागून मॉनिटरला आज्ञा देऊन त्या घुसवण्याचा प्रयत्न चाचणीपुरता ठीक. नेहमीच्या कामात तसं केलं तर लिबव्हर्टची समजूत आणि क्यूईएमयूची स्थिती यांची फारकत होते आणि निस्तरणं तुमच्याकडे येतं.

परवानग्यांचा भाग इथे आणखी कडक होतो. लिबव्हर्ट प्रत्येक व्हीएमला स्वतःची वेगळी ‘डेव्ह’ निर्देशिका देतं, त्यामुळे होस्टवर दिसणारी व्हीएफआयओ उपकरणं क्यूईएमयूला दिसतच नाहीत. ‘क्यूईएमयू.कॉन्फ’मधल्या ‘सीग्रुप_डिव्हाइस_एसीएल’मध्ये ती जोडावी लागतात. वर लिनक्सचा सुरक्षा पहारेकरी, एसईलिनक्स किंवा अ‍ॅपआर्मर आहेच. क्यूएटी व्यवस्थापक सेवेच्या सॉकेटला त्यांनी अडवलं की पुन्हा तोच गुपचूप सॉफ्टवेअरचा मार्ग. एसईलिनक्स बंद करून प्रश्न सोडवू नका. ऑडिट लॉगमधून नेमका नकार शोधा आणि तेवढीच सूट द्या.

कधी लावू नये

१०० गिगाबिटची मोकळी जोडणी असेल तर कॉम्प्रेशन बहुतेक वेळा वेळ खातं. तिथे साधं मल्टिएफडी आणि झिरो-कॉपी बरं. गोपनीय व्हीएम, म्हणजे एएमडीच्या एसईव्ही किंवा इंटेलच्या टीडीएक्सखालच्या, यांची मेमरी होस्टला एन्क्रिप्टच दिसते, ती दबणार नाही. लहान आणि शांत व्हीएमसाठी ही सगळी उभारणी म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं.

उलट, दोन शहरांतल्या डेटा सेंटरमधला भाड्याचा दुवा, समजा मुंबई आणि पुण्यातला, तिथे प्रत्येक गिगाबिट महिन्याच्या बिलात दिसतो आणि मायग्रेशनला पूर्ण दुवा कधीच मिळत नाही. तिथे हे इंजिन सर्वांत चांगलं कमावतं. टीएलएस, म्हणजे जोडणीचं एन्क्रिप्शन, लावायचंच असेल तर तेही चालतं, कारण क्यूईएमयू आधी दाबतं आणि मग एन्क्रिप्ट करतं. त्या दुव्यावर मात्र एन्क्रिप्शनचं काम दुव्याच्या दोन टोकांच्या उपकरणांवर सोपवलेलं असेल, तर क्यूईएमयूतलं टीएलएस बंद ठेवण्याआधी सुरक्षेच्या माणसांना विचारा. आणि पहिलं मायग्रेशन ज्या व्हीएमचं कराल तिचा मालक त्या वेळी जागा असेल असं बघा.